फोन आमचा, खोकं त्यांचं

अठरा नोव्हेंबर. पोतंभर जवळा निवडायचा होता.

बोईसरला माझी खानावळ आहे. आसपासच्या कारखान्यांतली माणसं जेवायला येतात, काहींना डबे जातात. उत्तरेकडून आलेले कामगार पहिल्यांदा जवळ्याची चटणी पाहतात तेव्हा "आंटी, ये क्या कीडा है?" विचारतात, आणि महिन्याभरात दुसऱ्यांदा मागून घेतात. त्यामुळे जवळा भरपूर लागतो. तो माझ्या माहेरून, दातिवऱ्याहून येतो. माझ्या धाकट्या भावाची तिथे बोट आहे. भावजय जवळा सुकवते आणि पोत्यात भरून पाठवते. सोबत थोडी रेतीही पाठवते, म्हणून निवडावं लागतं.

माझ्यासमोर परात घेऊन भाची बसली होती. ही त्याच भावाची मुलगी. ऑगस्टपासून माझ्याकडे राहते. औषधांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. त्या दिवशी तिची सुट्टी होती. तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर होता. ती अनोळखी नंबर उचलत नाही, त्याला कारण आहे. तिने माझ्याकडे पाहिलं. मी हात पदराला पुसले आणि उचलला.

एक बाई बोलत होती. पोलीस ठाण्यातून. आवाज तरुण, बोलणं नीट. तिने फोनची कंपनी सांगितली, रंग सांगितला आणि म्हणाली, "हा फोन चोरीला गेल्याची तक्रार आहे. तुमचं सिमकार्ड त्यात घातलं गेलंय. फोन घेऊन ठाण्यात या."

"तो फोन आमच्याकडे नाही," मी म्हटलं. खरंच होतं. फोन बोटीवर होता.

"मग कार्ड त्यात गेलं कसं?"

"चौकशी करून सांगते," म्हणून मी ठेवला. भाचीने सगळं ऐकलं होतं. तिने परात बाजूला सारली.

"आते, त्याला माझा नंबर कळला?"

तो म्हणजे कोण, आणि फोन कुठला, हे आता सांगायला हवं.

गेल्या वर्षी भाचीचा साखरपुडा झाला होता. मुलगा उमरोळीकडचा, ऑफिसात नोकरीला, दिसायला बरा. आमच्याकडे हल्ली साखरपुड्याच्या ताटात साडी आणि अंगठीबरोबर मुलीसाठी फोनही असतो. कोणी सुरू केलं माहीत नाही, पण आता नसला तर बायका विचारतात. तसा याने दिला. फोन दिला, पण खोकं आणि बिल स्वतःकडे ठेवलं. "वॉरंटीचं मी बघतो," म्हणाला. आम्हाला ते समजूतदारपणाचं वाटलं. माझी भावजय तर चार घरी सांगून आली, जावई किती काळजी करतो.

काळजी फारच करत होता. भाची पालघरला मैत्रिणीकडे गेली की याचा फोन, "तिथे काय काम?" तिने सांगितलेलं नसायचं. क्लास बुडवून बाजारात गेली की संध्याकाळी, "आज क्लास नव्हता का?" सुरुवातीला तिला वाटलं, कोणी चहाडी करतंय. मग तिच्या लक्षात आलं की फोन सुरू करून देताना त्याने त्यात स्वतःचाच ईमेल घातला होता. फोन कुठे आहे ते त्याला घरबसल्या दिसत होतं. तिने विचारलं, तर म्हणाला, "लग्न होणार आहे आपलं. लपवण्यासारखं काय आहे?"

लपवण्यासारखं काही नव्हतंच. पण जुलैत तिने घरी सांगितलं, मला हे लग्न नको. भाऊ दोन दिवस जेवला नाही, मग जेवला. दोन्हीकडची मोठी माणसं बसली आणि देवाणघेवाण परत झाली. साडी गेली, अंगठी गेली. भाचीने फोनही ताटात ठेवला. मुलाच्या आईने तो ताटातून उचलला आणि आमच्या बाजूला सरकवला. "वापरलेली वस्तू परत घेत नाय आमी," म्हणाली. सगळ्यांसमोर म्हणाली. त्या बाईचा आवाज मोठा आहे, कोणाला ऐकू गेलं नाही असं झालं नसेल.

फोन राहिला. भाचीला तो डोळ्यांसमोर नको होता. तिने त्यातलं सगळं पुसलं, त्याचा ईमेल काढला, अगदी नव्यासारखा कोरा केला. स्वतः नवीन नंबर घेतला, तो मोजक्या माणसांना दिला. माझ्या नवऱ्याचा जुना, काचेला चीर गेलेला फोन वापरायला लागली आणि नोकरी लागल्यावर माझ्याकडे राहायला आली. मुलगा तेव्हापासून तिचा नंबर शोधत होता. दोन मैत्रिणींना त्याने विचारलं होतं. ती कुठे राहते हेही त्याला कळलं नव्हतं. तिला वाटलं, नंबर बदलला, फोन बदलला, पत्ता बदलला, आता संपलं.

कोरा केलेला फोन भावाने बोटीसाठी मागितला. बोटीवरच्या फोनची आमच्याकडे एक रीत आहे. खाऱ्या पाण्याने फोन मरतात, म्हणून खलाशी आपला चांगला फोन घरी ठेवतात. बोटीवर एकच फोन, सगळ्यांचा, प्लॅस्टिकच्या बरणीत बंद. फोन सामायिक, पण कार्ड ज्याचं त्याचं. परतताना किनाऱ्याची रेंज आली की एकेक जण आपलं कार्ड त्यात घालतो, घरी बोलतो, काढतो आणि पुढच्याला देतो. कार्डाचा कप्पा उघडायची पिन कधीच हरवली, ते काम आता गळाच्या टोकाने होतं. दुसऱ्याच्या कार्डावरून बोलायचं नाही. प्रत्येकाच्या कार्डात पैसे भरलेले असतात, आणि बायका आपल्या माणसाचा नंबर सोडून दुसरा उचलत नाहीत. हे वर्षानुवर्षं चाललंय. जाळं एक, वाटे वेगळे, तसंच.

भाचीचं कार्ड त्या फोनमध्ये कसं गेलं, हे तिनेच सांगितलं. आदल्या रविवारी ती घरी गेली होती. भाऊ म्हणाला होता, "बाये, फोनला काय झालं बघ. कार्ड घातलं का रेंजच नाय. पयलं माझं घातलं, मग दुसऱ्याचं, मग सगळ्यांची घालून बघली. कोणाचंच चालत नाय." तिला वाटलं, कप्प्यात खारं पाणी गेलं असेल. तिने फुंकर मारली, कापडाने पुसलं आणि चालतंय का बघायला स्वतःचं कार्ड घातलं. चाललं नाही. तिने काढून घेतलं. एवढंच.

मी भावाला फोन लावला. त्यानेच आधी सुरू केलं.

"बाय, आमच्या सगळ्या बोटीला पोलिसांचा फोन आला. एकेकाला वेगळा. ती बाई मला म्हणते, तुमच्याकडं चोरीचा फोन हाय. माझ्या बाजूला एक जन तांब्या भरत होता, त्यालापन तेच. एकाच्या बायकोनं फोन उचलला, ती आता त्याला विचारते, पोलिसीण तुला कशाला फोन करते? तो उंबऱ्याबाहेर बसलाय."

"सगळ्यांनी त्या फोनमध्ये कार्ड घातलं होतं ना?"

"घातलं. आमी काय चोर हाव? सगळ्यांनी मिळून एक फोन चोरला?"

मागून कोणीतरी ओरडलं, "विचार तिला, बोईसरला एक जन फोनचा नंबर खोडून दुसरा घालून देतो म्हंतात. दिऊया का त्याला?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. "तो गुन्हा आहे. आता फक्त संशय आहे, मग खरंच आत जाल."

"पन बाय, कार्ड तर आमी काढून घेतली. रिकाम्या फोनात काय रायतं?"

हा प्रश्न बरोबर होता. आम्ही सगळे फोनचा नंबर म्हणजे कार्डाचा नंबर समजतो. कार्ड बदललं की माणूस बदलला. पण फोनला स्वतःचाही एक नंबर असतो, कारखान्यातूनच मिळालेला. त्याला आयएमईआय म्हणतात. तो खोक्यावर छापलेला असतो. दोन कार्डांचा फोन असेल तर असे दोन नंबर. कार्ड घालून फोन सुरू केला की तो टॉवरला दोन्ही गोष्टी सांगतो, मी अमुक फोन आणि माझ्यात तमुक कार्ड. फोन चोरीला गेल्याची तक्रार झाली की त्याच्या त्या नंबराला देशभर बंदी होते. मग त्यात जे जे कार्ड घातलं जाईल, त्याची खबर पोलिसांकडे जाते. रेंज गेली म्हणून आमच्या बोटीने एकामागून एक स्वतःची ओळख करून दिली होती. आणि शेवटी माझ्या भाचीने.

भावाला मी हे थोडक्यात सांगितलं. त्याला लगेच कळलं. "इंजिनावर नंबर ठोकलेला असतो तसा," तो म्हणाला. "बोटीला रंग दे, नाव बदल, मालक बदल. इंजिन तेच."

"तेच."

"म्हंजे पोरीनं फोन धुवून पुसून दिला तो फुकट?"

"आतलं पुसलं गेलं. इंजिनाचा नंबर राहिला. आणि त्याचा कागद त्या मुलाकडे आहे."

भाची समोर बसून जवळ्यातले शिंपल्यांचे कण वेगळे करत होती, फार बारकाईने. तक्रार कोणी केली हे विचारायची गरज नव्हती. चार महिने गप्प बसलेल्या माणसाला आताच फोन कसा आठवला, तेही उघड होतं. मैत्रिणींनी नंबर दिला नाही, म्हणून त्याने खोकं काढलं होतं.

"मी नोकरी सोडून घरी जाऊ?" तिने विचारलं.

"कशाला? तिकडे तर त्याला पत्ता माहीत आहे," मी म्हटलं. "तू निवड. मी बघते."

दुपारचे डबे गेल्यावर मी ठाण्यात गेले. एकटी. फोनवर बोललेली पोलीस बाई तीच होती, माझ्या भाचीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने आधी कडक आवाजात सांगितलं, ज्यांच्या नावाचं कार्ड आहे त्यांनीच यायचं, फोन जमा करायचा, तक्रारदार येईल, ओळख पटवेल, फोन घेऊन जाईल.

"माझी भाची त्याच्यासमोर येणार नाही," मी म्हटलं. "तुमच्याकडे येईल, एकटी, तुम्ही म्हणाल तेव्हा. पण तो असताना नाही."

"का?"

मी सांगितलं. साखरपुडा, ताट, ईमेल, नवा नंबर. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. ऐकून झाल्यावर पेन खाली ठेवलं.

"तो इथे दोनदा येऊन गेला," ती म्हणाली. "फोन हरवलेले लोक रोज येतात. विचारतात, मॅडम कधी मिळेल, त्यात माझ्या मुलाचे फोटो आहेत. हा फोन कधी मिळेल ते विचारत नाही. विचारतो, सध्या कुठला नंबर लागलाय त्यात."

"तुम्ही सांगितला?"

"आम्ही सांगत नसतो." तिने खुर्ची पुढे ओढली. "पण मावशी, तक्रार खरी धरून पुढे गेली तर कागद होणार. कागदात सगळ्यांचे नंबर येणार, त्यांच्या नावपत्त्यासकट. ते त्याच्यापर्यंत कधीच पोचणार नाहीत, असं मी आज छातीठोक सांगू शकत नाही. फोन चोरीचा नाही, हे इथेच मिटलं तर बरं. दिलेला होता, याला साक्षीदार?"

"आमच्या घरचे सगळे."

"तुमच्या घरचे तेच म्हणणार. त्यांच्याकडचं कोणी?"

मी बाहेर आले, रस्त्यावरून रिक्षा केली आणि थेट उमरोळीला गेले. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होते, पण ठरलं नाही.

मुलाची आई खळ्यावर भात झोडत होती. मला बघून तिने पेंढी खाली ठेवली नाही. झोडतच बोलली.

"तुज्या भाचीनं माज्या पोराला नाय म्हटलं. त्याचा राग हाय मला."

"असू दे. तो काढायला मी आले नाही."

"मंग?"

"त्या दिवशी फोन परत दिला तेव्हा तुम्ही काय म्हणालात, तेवढं विचारायला आले."

"काय म्हटलं? वापरलेली वस्तू परत घेत नाय आमी. सगळ्यांच्या समोर म्हटलं. अजून म्हंते. आता फोन बिघडला म्हणून सांगाया आली का? दिला तो दिला, बिघडला तर तुमचा बिघडला."

"तुमच्या मुलाने तक्रार दिलीय, तो फोन चोरीला गेला म्हणून. माझ्या भावाच्या सगळ्या खलाशांना पोलिसांचे फोन आलेत."

आता पेंढी थांबली.

"चोरीला? तो तर आमी दिला."

"हो."

"मी माज्या तोंडानं दिला."

"म्हणून तर आले."

तिने पेंढी बाजूला टाकली. डोक्याचं फडकं सोडून झटकलं, अंगावरचा भाताचा कोंडा झटकला. मला वाटलं होतं, मुलाची बाजू घेईल. कोणतीही आई घेईल. मी भाचीच्या नंबराचं, पत्त्याचं काही बोलले नाही, त्याची गरज पडली नाही. तिला तिच्या शब्दाचं लागलं होतं.

"मी सगळ्यांच्या समोर दिलं म्हंते, आनि हा ठाण्यात चोरलं म्हंतो," ती म्हणाली. "मंग दोघांतला एक खोटा. उद्या गावात विचारतील, खोटा कोन? बस तिथं. लुगडं बदलून येते. पानी पिशील?"

"पिते."

  रिक्षात तिने मुलाला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "ठान्यात ये. नाय, तुजी आई आजारी नाय. ये."

ठाण्यात पोचलो तर बाहेरच्या बाकावर आमची सगळी बोट बसलेली. भावाने सांगितलं होतं, सगळ्यांना बोलावलंय. ते मासळी उतरवून तसेच आले होते. आंघोळ कोणीच केली नव्हती. बोंबलांचा वास आतपर्यंत पोचला होता. एका हवालदाराने टेबलावर अगरबत्ती लावली होती, आणि आता दोन्हींचा मिळून वास येत होता.

"बाय, इथं बशीवलंय, चा पन नाय," भाऊ म्हणाला.

"आरोपींना चहा नसतो," हवालदार म्हणाला.

"साहेब, आरोप तरी सगळ्यांवर एकच ठेवा. वाटून घेतो."

भावाने बरणी आणली होती. आत तो फोन. बाक थोडा हलला की बरणी सांभाळत होता, जणू आत जिवंत खेकडी आहे.

मुलगा आला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग. बाकावरच्या माणसांकडे पाहून त्याने नाक आवळलं, मग आत आईला पाहिलं आणि दारातच थांबला.

"आई? तू कशी?"

"रिक्षानं. बस."

पोलीस बाईने विचारलं, "फोन कुठे चोरीला गेला म्हणालात?"

"पालघरला. बाजारात."

"कधी?"

त्याने तक्रारीत लिहिलेला दिवस सांगितला. दारात कान लावून उभ्या असलेल्या खलाशांपैकी एक जण म्हणाला, "त्या दिवशी तर फोन आमच्यासंगती दर्यात होता."

"तुम्ही बाहेर थांबा," पोलीस बाई म्हणाली. मग मुलाकडे वळली. "ते म्हणतात तेही तपासता येतं. फोनच्या नंबरावरून तो कुठल्या दिवशी कुठल्या टॉवरखाली होता, हे रीतसर मागवता येतं. मागवू?"

मुलाने बॅग मांडीवर घेतली. मला त्या क्षणी एक गोष्ट नीट समजली. तो आकडा त्याच्या बाजूचा नव्हता, आमच्याही नव्हता. जो विचारील त्याला फोन कुठे होता ते सांगणार. म्हणून कोण विचारतंय, यालाच महत्त्व आहे.

"माझ्या नावाचं बिल आहे," तो शेवटी म्हणाला.

"बिल तुजं, पन दिला तुज्या आईनं," त्याची आई म्हणाली. "ताटातनं उचलून मी त्यांच्याकडं सारला. तू माज्या मागं उभा होतास. तवा तोंड शिवलं होतं का?"

"आई, तुला नाही कळत यातलं."

"मला फोनातलं नाय कळत. दिलेलं आनि चोरलेलं कळतं."

तो उठून काहीतरी बोलणार होता. पोलीस बाईने खुर्चीकडे बोट केलं आणि तो बसला. मग तिने त्याला हळू आवाजात, एकही शब्द वाया न घालवता सांगितलं. मुलगी नाही म्हणाली आहे. तिचा नंबर काढण्यासाठी पोलिसांना कामाला लावणं ही साधी गोष्ट नाही. खोट्या तक्रारीचं काय होतं तेही सांगितलं. पुन्हा त्या मुलीच्या मागे कुठल्याही मार्गाने गेलास तर तक्रार तिची असेल आणि आरोपी तू असशील. त्याने मान हलवली. फोन दिलेला होता, चोरीला गेलेला नाही, असं त्याने लिहून दिलं. खाली आईने सही केली. अक्षर मोठं, ठळक.

"आता फोनवरची बंदी उठवायला तुम्हीच अर्ज करायचा," पोलीस बाई त्याला म्हणाली. "आजच. माझ्यासमोर."

त्याने केला.

मला वाटलं, संपलं. पण मुलाची आई उठली नाही.

"खोकं कुठं हाय?" तिने विचारलं.

"घरी."

"आन."

"आता? कशाला?"

"फोन त्यांचा. मंग खोकं आपल्या घरात काय करतं? अंडी घालतं?"

बाहेरच्या बाकावर कोणीतरी खोकलं, म्हणजे हसलं. मुलगा गेला आणि बऱ्याच वेळाने खोकं आणि बिल घेऊन आला. तेवढ्या वेळात हवालदाराने सगळ्या बोटीला चहा पाजला, कारण आता ते आरोपी नव्हते. मुलाची आई आणि मी एकाच बाकावर बसून चहा प्यायलो. भात कसं झालं, मी विचारलं. बरं झालं, ती म्हणाली. जवळा मिळेल का, तिने विचारलं. पाठवते, मी म्हटलं. राग होताच तिचा, तो तिने ठेवला, पण चहाच्या मध्ये आणला नाही.

खोकं तिने स्वतःच्या हाताने माझ्या भावाला दिलं. भावाने ते उलटंपालटं करून बाजूचे आकडे पाहिले.

"हा काय इंजिन नंबर?"

"तो."

"दोन हायत."

"दोन कार्डांचे दोन."

"म्हंजे जुळी," तो म्हणाला आणि खोकं बरणीसकट काखेत मारलं.

घरी आले तेव्हा भाची रात्रीच्या भाकऱ्या थापत होती. मी तिला जे झालं ते झालं तसं सांगितलं. तिने दोनच प्रश्न विचारले. नंबर कळला का? नाही. इथला पत्ता? नाही. मग तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती, ती तिने स्वतःच्या ताटात घेतली.

आता त्याला ती कधीच सापडणार नाही, असं मी तिला सांगितलं नाही. बोईसर काही एवढं मोठं नाही. पण शोधायचंच झालं तर त्याला पायाने फिरावं लागेल, चार माणसांना तोंड दाखवावं लागेल, आणि ती चार माणसं त्याचं तोंड लक्षात ठेवतील. घरी बसून खोक्यावरचा आकडा वाचून आता होणार नाही. मला तेवढं पुरेसं वाटतं. तिलाही वाटलं असावं, कारण त्या रात्री ती माझ्याआधी झोपली.

नवरा दुसऱ्या पाळीहून आल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी आयुष्यभर जेवढे फोन वापरले, ते सगळे माझ्या नावाने कुठेतरी लिहिलेले आहेत?"

"आहेत."

"मग काही चुकीचं केलं नाही ते बरं झालं," म्हणून त्याने ताट ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डाळ शिजायला लावून, मी स्टुलावर चढले आणि माळ्यावर हात घातला. भाची वापरते तो चीर गेलेला फोन माझ्या नवऱ्याचा होता. त्याचं खोकं आमच्याकडेच, बिल त्याच्या नावाचं. खोक्यात सेफ्टी पिना, रबरं आणि कुठल्याशा कुलपाच्या दोन चाव्या होत्या. त्या एका वाडग्यात ओतल्या. खोकं फडक्याने पुसलं, आत बिल आहे याची खात्री केली आणि नवऱ्याला उठवलं. बिलामागे त्याच्याकडून लिहून घेतलं, हा फोन हिला दिला. तो डोळे अर्धवट उघडे ठेवून सही करून परत झोपला.

भाची पहिल्या पाळीला निघायच्या गडबडीत होती, वेणी अर्धी घातलेली.

"हे तुझ्या पेटीत ठेव," मी म्हटलं.

"आते, काकांनी मागितलंय का कधी?"

"नाही. ठेव."

तिने ठेवलं, कुलूप लावलं आणि बस पकडायला गेली. मी पिना चहाच्या रिकाम्या डब्यात टाकल्या आणि पिठाच्या डब्याचं झाकण उघडलं.